अक्कांचा जिना

"बघू नका गं कोणी," असं म्हणूनच अक्का स्टाफरूममध्ये खुर्चीत बसायच्या. आधी पदर पाठीमागून ओढून पोटावर घ्यायचा, मग एका हाताने टेबलाची कड धरायची, मग हे वाक्य, आणि मग बसणं. खरं तर कोणी बघत नसायचं. ते वाक्य ऐकूनच आम्ही वह्यांमधून मान वर करायचो.

जळगावातल्या ज्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले, तिथे अक्का माझ्या कितीतरी आधीपासून मराठी शिकवत होत्या. माहेर फैजपूरचं, केळीवाल्यांच्या घरातलं. मुलगा पुण्याला. नवरा धुळ्याला नोकरीत. शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जायचे. आमच्याच कॉलनीत, माझ्या घरापासून चार दारं सोडून, अक्कांचं घर होतं. खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि पुढे गच्ची. मी शिरपूरकडची. बोलता बोलता माझ्या तोंडून "काय शे अक्का?" निघून जायचं, तेव्हा त्या मला मुद्दाम छापील मराठीत उत्तर द्यायच्या. पण माहेरचा फोन आला की त्यांचंही "मले" आणि "तुले" सुरू व्हायचं. मग मी त्यांच्याकडे बघून हसायचे, आणि त्या फोनवर हात ठेवून म्हणायच्या, "तुझ्या 'शे'पेक्षा बरं आहे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःवरचा विनोद ती इतरांच्या आधी करून टाकतात, म्हणजे इतरांना करायला काही शिल्लक राहत नाही. अक्का सांगायच्या, "मुली म्हणतात, बाई, जरा सरका, फळा दिसत नाही. मी म्हणते, मग मलाच वाचा." सगळी स्टाफरूम हसायची. त्याही हसायच्या, आणि हसता हसता पदर पोटावर ओढायच्या.

स्टाफरूममध्ये एक बिनहातांची खुर्ची होती, ती त्यांची. तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं, पण नवीन आलेल्या बाईलाही दोन दिवसांत कळायचं. हातांच्या खुर्चीत अक्का बसायच्या नाहीत. का, ते मला एका स्नेहसंमेलनात समजलं. ज्येष्ठ शिक्षिका म्हणून त्यांना मंचावर पाहुण्यांशेजारी बसवायचं ठरलं होतं. मंचावर सगळ्या गुबगुबीत, लाकडी हातांच्या खुर्च्या मांडलेल्या. अक्का वर गेल्या, खुर्चीकडे पाहिलं, आणि "मुलींकडे बघायला कोणीतरी हवं ना," असं म्हणत खाली उतरल्या. सगळा कार्यक्रम संपेपर्यंत त्या पडद्यापाशी उभ्या होत्या. रिकाम्या खुर्चीवर शेवटी कोणीतरी हारांचं ताट ठेवलं. घरी जाताना त्यांची पावलं सुजली होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, बसले असते. पण उठले असते तेव्हा खुर्ची सोबत आली असती." आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यांचं हसणं बंद झालं.

विचारलं तर "भावाला कावीळ झालीय" एवढंच सांगायच्या. कॉलनीतही तेच सांगितलं होतं. धाकटा एकुलता एक भाऊ, फैजपूरला केळीची शेती बघणारा. बहिणीचा फार लाडका. त्या दर रविवारी यावलच्या रस्त्याने फैजपूरला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या त्या अगदी गप्प. कावीळ इतकी रेंगाळत नाही हे मला कळत होतं.

शाळा सुरू झाल्यानंतर एक दिवस त्यांनी मला सकाळी सकाळीच घरी बोलावलं. मी आत गेले तर त्यांनी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. अंगात पंजाबी ड्रेस. अक्कांना मी साडीशिवाय पहिल्यांदाच बघत होते. ओढणी त्यांनी गळ्यापासून कमरेपर्यंत अशी गुंडाळली होती, की थंडीच वाजतेय जणू.

"तू मला जिना चढताना बघशील का?" त्या म्हणाल्या.

मला काही कळेना.

"मी वरपर्यंत जाते आणि खाली येते. एकटीला भीती वाटते. पडले, छातीत काही झालं, तर कोणाला कळायचंही नाही. तू नुसती खाली बस." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि बघ. पण फार बघू नकोस."

त्या चढल्या. वर पोचेपर्यंत दोनदा कठडा धरून थांबल्या. खाली आल्या तेव्हा तोंड लाल झालेलं, ड्रेस पाठीला चिकटलेला. पायरीवरच बसल्या आणि धाप कमी होण्याची वाट न बघता मला सगळं सांगून टाकलं. धापेत सांगितलं म्हणूनच सांगता आलं असावं.

भावाला कावीळ नव्हती. दारूने त्याचं लिव्हर गेलं होतं. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच काही होईल. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता, मुली लहान होत्या. जुळत होता तो अक्कांचा. पण अक्कांची तपासणी केली, तर त्यांच्या लिव्हरवर चरबी साठलेली. डॉक्टर म्हणाले, बाई, तुमचंच लिव्हर आजारी आहे, यातलं देणार काय? वजन उतरवा, चरबी जाऊ द्या, मग बघू. आणि भावाला म्हणाले, तोपर्यंत थेंबही घ्यायचा नाही. घेतलात तर आम्ही हात लावणार नाही.

"सगळ्या घरात एक मीच होते गं उपयोगाची," अक्का म्हणाल्या. "आणि तिथेही माझं अंग आडवं आलं."

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही मान खाली घालून. काही वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी गेल्या होत्या. मळ्यात केळी काढणं चालू होतं, घड तोलायचा काटा मांडलेला. पाहुणे, जावई, मजूर, सगळे जमलेले. भावाने थट्टेत त्यांचा हात धरून त्यांना काट्यावर उभं केलं आणि मोठ्याने आकडा वाचला. वर म्हणाला, "व्यापाऱ्याले बोलवा, माल तयार झाला." सगळा मळा हसला. अक्काही हसल्या. जेवल्याही. त्यानंतर पुढच्या आखाजीला मात्र त्या माहेरी गेल्या नाहीत. मुलाच्या क्लासचं निमित्त सांगितलं.

"त्याच्या मनात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "तो तसाच आहे, हसरा."

मी म्हटलं, "अक्का, जिमला का नाही जात? तिथे शिकवणारे असतात."

त्या जाऊन आल्या होत्या म्हणे. महामार्गाजवळच्या एका जिममध्ये चौकशीला. "आत पाऊल टाकलं तर चारही बाजूंनी आरसे. जिकडे बघावं तिकडे मी. एवढी मी मला एकदम कधी दिसले नव्हते. तो पोरगा विचारत होता, मॅडम, महिन्याचं घेता की वर्षाचं? मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी विचारायला आले होते. मला मुलगी कुठे आहे?"

म्हणून जिना. घरातला, आतून असलेला, रस्त्यावरून न दिसणारा.

रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसू लागले. जिना झाला की भिंतीला पाठ लावून गुडघ्यांतून खाली सरकायचं. मग खुर्चीतून हात न टेकवता उठायचं आणि बसायचं. मग तेलाचे रिकामे कॅन पाण्याने भरून दोन्ही हातांत उचलायचे. मोबाइलवर एक मुलगी व्यायाम करून दाखवायची. सडपातळ, घामाचा टिपूस नाही, आणि सारखी हसून हिंदीत म्हणायची, बस, थोडा और. अक्का तिच्याशी भांडायच्या. "थोडा और काय? तुझं वय काय, माझं काय? तुझ्या आईला आण आधी!" मग कॅन खाली ठेवून मोबाइल पालथा घालायच्या, आणि जरा वेळाने पुन्हा सुलटा करायच्या.

पावसाने उघडीप दिली की त्या गच्चीवर चालायच्या. पण गच्ची चारी बाजूंनी दिसणारी. म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायच्या तारांवर जुन्या साड्या आडव्या पसरल्या आणि त्यांच्या आत चकरा मारायला सुरुवात केली. खालून बघणाऱ्याला नुसत्या साड्या आणि त्यांच्यामागे फिरणारी एक सावली दिसायची. समोरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्कांनी काही व्रत धरलंय का हो? रोज साड्यांच्या मध्ये प्रदक्षिणा घालतात." मी हो म्हटलं. एका परीने ते खोटंही नव्हतं.

जेवणाचे हाल विचारू नका. लेवा पाटलाच्या घरातलं भरीत तुम्ही खाल्लं असेल, तर त्यावर तेलाचा तवंग कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. अक्कांनी भरीत बिनतेलाचं करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ताटलीत मला वाढलं आणि म्हणाल्या, "खाऊन सांग." मी खाल्लं. काय सांगणार? त्या स्वतःच म्हणाल्या, "माझी आई असती तर मला घराबाहेर काढलं असतं."

आणि रोज संध्याकाळी भावाला फोन. शाळेतून आल्यावर त्या जिन्याची दुसरी फेरी करायच्या आणि ती संपली की, अजून धापच लागलेली असायची, तेव्हा फोन लावायच्या. मी अनेकदा तिथे असे.

"भाऊ, आज घेतली का?"

"नाही घेतली, अक्का. तू?"

"माझा जिना झाला. चार पायऱ्या न थांबता जास्त चढले."

"मंग शर्यत लावू," तो पलीकडून म्हणायचा. "तू आधी बारीक होते का मी आधी सुधरतो."

एकदा शाळेत कोणाच्या तरी सेवानिवृत्तीची पार्टी होती. अक्का शेवभाजी पोटभर खाऊन आल्या आणि संध्याकाळी फोनवर रडत भावाला म्हणाल्या, "माझ्याकडून आज राहवलं नाही रे. दोन वाट्या रस्सा प्यायले." पलीकडे तो हसत सुटला. "अवं माय, रस्साच पिली ना? पी." पण त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिना किती वेळा चढावा! मला त्यांना हाताला धरून खाली बसवावं लागलं.

महिन्यांमागून महिने गेले. आधी चेहरा उतरला, मग दंड, मग चाल बदलली. शाळेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं शुगर निघाली असेल, कोणी म्हणालं या वयात हौस आलीय. अक्कांनी कोणाला काही सांगितलं नाही. भावाचं पिणं सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा "हौस आलीय" हे त्यांना परवडत होतं. टेबलाची कड धरणं सुटलं, पण बसताना पदर ओढणं आणि ते वाक्य काही सुटलं नाही.

दिवाळीनंतर पुन्हा तपासणी झाली. मी सोबत होते. सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "छान आहे की. चरबी जवळजवळ गेली. फार चांगलं लिव्हर आहे तुमचं." नाशिकलाही रिपोर्ट पाठवले, तिथूनही होकार आला. बाहेरच्या बाकावर अक्का बराच वेळ रुमालात तोंड घालून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या अंगाला कोणी चांगलं म्हणालं, ते आज पहिल्यांदा."

ही बातमी फोनवर द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. रविवारी आम्ही दोघी फैजपूरला गेलो. पिशवीत बिनतेलाच्या भरताचा डबा. भाऊ घरी नव्हता, मळ्यात होता. वहिनी काहीतरी सांगायला दारापर्यंत आली आणि न सांगताच परत फिरली, हे मी पाहिलं. अक्कांनी नाही पाहिलं. त्या घाईत होत्या.

केळीच्या बागेत दुपारी हिरवा अंधार असतो. मोटारीच्या खोलीजवळ वाळलेल्या पानांच्या ढिगावर तो बसला होता. मी त्याला आधी एकदा पाहिलं होतं, धिप्पाड माणूस. आता हातपाय काड्या झालेले, डोळे पिवळे, आणि सदऱ्याखाली पोट फुगून पुढे आलेलं. बहिणीला बघून त्याने हसण्याचा प्रयत्न केला.

"अक्का, पोट उतरलं तुहं," तो म्हणाला. "मले देऊन टाकलं वाटते."

"तुझं उतरवायलाच आलेय," अक्का म्हणाल्या, आणि त्याच्याशेजारी पानांवरच बसून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, नाशिकचे काय म्हणाले, आता पुढची तारीख कशी मिळेल. बोलताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

तो एक वाळकं पान हातात घेऊन त्याच्या पट्ट्या काढत होता.

"अक्का, मले नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"तुह्या आंगातलं काही नको."

अक्कांना वाटलं, तो ऑपरेशनला भितोय. त्या समजावू लागल्या, की लिव्हर पुन्हा वाढतं, आपल्याला काही होणार नाही. त्याने मान हलवली.

"तू रोज विचारे, घेतली का. मी नाही म्हने. पोळ्यापर्यंत खरंच नाही घेतली. पोळ्याले घेतली. मंग घेतच गेलो."

मी उठून जायला हवं होतं, पण उठता येईना.

"मग फोनवर…" अक्का म्हणाल्या.

"तू जिन्यावरून उतरून फोन करे. मले तुही धाप ऐकू ये. तुले एवढी धाप लागलेली, अन् तू विचारे, भाऊ, घेतली का. मंग मी काय सांगू? फोन ठेवला का लाज वाटे. लाज वाटली का पुन्हा घे." त्याने पानाची पट्टी टाकून दिली. "मी तुले काट्यावर उभं केलं होतं, बठ्ठ्या लोकांदेखत. तू हसली. पन पुढच्या आखाजीले आली नाही. मले समजलं होतं, अक्का. समजूनबी मी कधी काही बोललो नाही. अन् आता तुहं अंग झिजवून तू मले देते. कुठी ठेवू मी ते?"

अक्कांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी विचारायलाच नको होतं."

मग डोळे पुसून उभ्या राहिल्या. "डॉक्टरांना खरं सांग. तू स्वतः सांग. ते पुन्हा पहिल्यापासून धरतील. धरू दे. मी अशीच राहते. थांबते तुझ्यासाठी."

त्याने खरंच सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा काही महिन्यांची मुदत घातली. या वेळी त्याने दारूला हात लावला नाही, हे वहिनीने स्वतः अक्कांना सांगितलं. अक्का संध्याकाळी फोन करायच्या, पण जिन्याच्या आधी, धाप नसताना. विचारायच्या काहीच नाहीत. तोच विचारायचा, "आज काय जेवली?" आणि अक्का सांगायच्या, ज्वारीची अर्धी भाकरी, पालेभाजी. जणू त्याचंच पथ्य त्या पाळत होत्या. जिना चालू राहिला. आता त्या न थांबता चढायच्या, आणि माझ्या कपातला चहा संपायच्या आत परत खाली असायच्या.

पण शरीर मुदत मानत नाही. संक्रांत होऊन गेली होती. शाळेत चाचणी परीक्षा चालू होती. मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये फोन आला, अक्कांना बोलावून घेतलं. फोन ठेवून त्या मागे सरकल्या आणि मागे जी खुर्ची होती तिच्यात बसल्या. मोठ्या बाईंचीच खुर्ची, रुंद, दोन्हीकडे हात असलेली. अक्का तिच्यात बसल्या तर दोन्ही बाजूंना जागा उरली. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मी दारातून पाहत होते, आणि त्या वेळी ते माझ्या लक्षात आलं याची मलाच कशीशी लाज वाटली.

भावाचे दिवस झाले, अक्का शाळेत परत आल्या. आणि मग जे सुरू झालं ते मला सांगायलाही अवघड वाटतं. त्यांना बघून लोक खूश होऊ लागले. भाऊ काविळीने गेला एवढंच सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल दोन शब्द बोलून झाले की बायका लगेच म्हणायच्या, "पण अक्का, काय सुरेख झालात हो! दहा वर्षं कमी झाली. काय करता?" भाजीवाली म्हणाली, सोनार म्हणाला, समोरच्या काकूंनी तर व्रताचं नाव विचारलं. अक्का नुसत्या मान हलवायच्या. पूर्वी लोक अंगाला हसले तर त्यांच्याकडे विनोद तयार असायचा. कौतुकाला त्यांच्याकडे काहीच तयार नव्हतं.

महिला दिनाला मोठ्या बाईंनी ठरवलं, की अक्कांनीच बोलायचं. विषय, घरच्या घरी आरोग्य. मुलींच्या आया येणार होत्या. जिमचे पैसे न भरता, घर सांभाळून एक बाई काय करू शकते हे अक्कांनी स्वतः सांगावं. अक्का नाही म्हणाल्या, तर मोठ्या बाई म्हणाल्या, तुमचा हा विनयच आवडतो. कारण सांगता येईना म्हणून नकारही देता येईना.

सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेतल्या आया मोबाइल वर धरून बसलेल्या. अक्का माइकपाशी गेल्या. इतकी वर्षं वर्ग गाजवणारी बाई, पण नुसती पदर ओढत उभी. शेवटी म्हणाल्या, "घरात जिना असेल तर चढत जा. तेल कमी खा. आणि…" तिथे अडकल्या. सगळे वाट बघत होते. "आणि घरातलं कोणी काही सांगत नसेल, तर फार विचारत बसू नका. नुसतं जवळ बसा," असं म्हणून खाली उतरल्या.

कोणाला त्याचा अर्थ लागला असेल असं मला वाटत नाही. टाळ्या मात्र खूप वाजल्या.

परत येताना अक्कांनी मला विचारलं, "त्या टाळ्या कशाच्या होत्या गं?"

मी म्हटलं, "तुम्ही केलंत त्याच्या."

"मी काय केलं? तो गेला आणि मी बारीक झाले, एवढंच झालं," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं मी काहीतरी कमावलं. मला वाटतं, माझ्याकडे दुसऱ्याचं काही राहून गेलंय आणि मी ते अंगावर घालून गावभर फिरतेय."

त्यांचे ब्लाऊज सगळे ढगळ झाले होते. त्या ते सेफ्टी पिना लावून घालायच्या. खांद्यावर एक, पाठीला एक. मी म्हटलं, शिंप्याकडे देऊ या, एका दुपारचं काम आहे. त्या नको म्हणाल्या. पुढे पुढे पिनांनी कापड फाटू लागलं, तरी नको. मग मी विचारणं सोडलं. सकाळी जाऊन पायरीवर बसत होते, तेवढं सोडलं नाही. त्या चढायच्या किंवा चढायच्या नाहीत. कधी माझ्याशेजारी येऊन बसायच्या आणि आम्ही दोघी चहा प्यायचो.

वर्ष संपताच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नवऱ्याकडे धुळ्याला जायचं ठरवलं. या गावात सगळे फार कौतुक करतात, असं कारण त्यांनी मला सांगितलं. इतरांना गुडघ्याचं सांगितलं.

सामान न्यायला टेंपो आला तेव्हा कॉलनीतल्या बायका फाटकाशी जमल्या होत्या. गाद्या, कपाट, कुंड्या, सगळं दोरीने बांधून झालं. टेंपोची केबिन उंच होती. ड्रायव्हरने अक्कांसाठी प्लास्टिकचं स्टूल आणून खाली ठेवलं आणि हात पुढे केला. पण अक्कांनी तोवर दाराची दांडी धरली होती. स्टुलाकडे न बघता त्यांनी एक पाय वर टाकला आणि एका झटक्यात आत जाऊन बसल्या, पेरूच्या झाडावर चढणाऱ्या पोरीसारख्या.

"वा अक्का!" कोणीतरी ओरडलं. त्यांचे यजमानही खाली उभे होते, तेही कौतुकाने हसले.

क्षणभर अक्कांचा चेहरा उजळला. आपल्याला हे जमलं याचा निव्वळ आनंद, मी स्वच्छ पाहिला. मग त्यांना आम्ही सगळ्या दिसलो, आणि चोरी करताना सापडावं तसा तो आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून निघून गेला. त्यांनी मान पलीकडच्या खिडकीकडे वळवली.

टेंपो कॉलनीबाहेर पडून एरंडोलच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. काचेतून त्यांचा अंबाडा तेवढा दिसत होता. तो एकदाही वळला नाही.